तंबू कोण ठोकणार?

संताजी घोरपड्यांनी तुळापूरच्या छावणीत शिरून औरंगजेबाच्या डेऱ्याचे तणावे कापले आणि वरचे सोन्याचे कळस काढून नेले, ही बखरींतली गोष्ट मराठी मूल शाळेत इतिहास सुरू होण्याआधीच ऐकतं. सांगणाऱ्यांचा सगळा भर कळसांवर असतो. मला मात्र ती गोष्ट आठवली की तणावे डोळ्यांपुढे येतात. वाड्याची भिंत पाडायला तोफ लागते, दरवाजा फोडायला हत्ती लागतो. आणि हिंदुस्थानच्या बादशहाचं छप्पर खाली आणायला काही धारदार हत्यारं आणि काही क्षण पुरतात. याचं कारण असं की तंबू खांबांवर उभा नसतोच. खांब कापडाला वर ढकलतो, तणावा त्याला खाली आणि बाहेर ओढतो, कापड या दोघांच्या भांडणात सापडलेलं असतं, आणि ते भांडण चालू आहे तोवरच आत झोपता येतं.

पुढच्या पानांत तंबूंची चित्रं आहेत, मापं आहेत, शिवणीचे आणि जोडांचे आराखडे आहेत. ते वाचायला माझी गरज नाही. ज्याला घरी कापड बेतायचं आहे त्यानं सरळ तिकडे वळावं. मला इथं सांगायचं आहे ते एवढंच की कुठलाही तंबू समजून घ्यायचा असेल तर आधी एक प्रश्न विचारावा: हा ठोकणार कोण? जो आत झोपणार तोच, की दुसरं कुणी? कापड किती जाड, खांब किती, दोर किती, या साऱ्या गोष्टी त्या उत्तराच्या मागोमाग येतात.

आपल्या भाषेला हा विषय परका नाही. निम्मी मराठी छावणीत वाढली आहे. आपण तळ ठोकतो, डेरा टाकतो, गाशा गुंडाळतो. राहुटी, शामियाना, कनात, पाल हे शब्द आपण कोशात न बघता वापरतो. पुण्यात पोलीस चौकीचा पत्ता सांगताना ‘फरासखाना’ म्हणतो, तेव्हा आपल्याला आठवतही नाही की ते पेशव्यांच्या तंबू-बिछायतींच्या खात्याचं नाव आहे. फरास म्हणजे ते तंबू उभारणारा, सतरंज्या अंथरणारा माणूस. सरदार आत बसायचा आणि फरास बाहेर घाम गाळायचा. मोठ्या तंबूंच्या रचनेचं सगळं रहस्य या दोघांच्या अंतरात आहे.

हे अंतर किती असू शकतं ते अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त दिसतं. अकबराच्या मुक्कामाचं सामान हलवायला १०० हत्ती, ५०० उंट आणि ४०० गाड्या लागत, असं तो लिहितो. बारगाह नावाचा सर्वांत मोठा मंडप दहा हजारांहून जास्त माणसं मावतील एवढा, आणि तो उभारायला १००० फरासांना यंत्रांच्या मदतीनं आठवडा लागायचा. म्हणून बादशहाचे तंबू दोन जोड ठेवत. एकात तो राहायचा, तोवर दुसरा पुढच्या मुक्कामी गेलेला असायचा. हे वाचताना छाती दडपते, पण रचनाकार म्हणून बघितलं तर यात सुधारणा करायला कुणाला काही कारणच नव्हतं. मेख नीट बसत नाही? आणखी दोन माणसं लावा. खांब जड आहे? आणखी एक हत्ती. जिथं माणूसबळ फुकटात मिळतं तिथं शोध लागत नाहीत, कारागिरी मात्र अफाट होते. तशा डेऱ्यांवरचं कशिदाकाम आजही जगभरच्या संग्रहालयांत लोक मान वर करून बघतात.

आता याच्या अगदी उलट टोक बघू. उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांवर लाकोटा, शायान वगैरे लोकांचं घर म्हणजे टिपी. तीन किंवा चार दांडे शेंड्याजवळ बांधून उभे करायचे, त्यांच्यावर बाकीचे दांडे टेकवायचे आणि भोवती गव्याच्या कातड्यांचं शिवलेलं आवरण गुंडाळायचं. दुरून तो नुसता शंकू वाटतो, पण तसा तो नसतो. मागची बाजू जास्त उभी, पुढची जास्त तिरपी, आणि वर धुराड्याला दोन कान, जे वाऱ्याप्रमाणे बाहेरून लांब काठ्यांनी वळवता येतात. आत चूल पेटते आणि धूर डोळ्यांत जात नाही. ही टिपी बायका शिवायच्या, बायका उभारायच्या, मोडायच्या, आणि तिची मालकीही बायकांचीच असायची. जिला आज ना उद्या हे घर स्वतःच्या हातांनी उभं करायचं आहे, तिनं त्यातला एकेक दांडा, एकेक गाठ पारखून घेतलेली होती. तिथं फरास नव्हता.

१८५० च्या दशकात अमेरिकी लष्करातल्या हेन्री हॉपकिन्स सिब्ली या घोडदळाच्या अधिकाऱ्यानं टेक्ससच्या सरहद्दीवर ही घरं बघितली. डोकं चलाख होतं त्याचं. टिपीची अडचण दांड्यांची. झाड नसलेल्या मैदानावर डझन-दीड डझन लांब दांडे ओढत न्यावे लागतात. सिब्लीनं ते सगळे काढून मध्ये एकच खांब ठेवला आणि तो जमिनीवर न टेकवता लोखंडी तिवईवर उभा केला. तिवईचे पाय जवळ घेतले की खांब वर चढतो आणि कापड ताठ होतं. पाय फाकवले की सैल. त्या तिवईखाली शेकोटी, वर धुराला गोल भोक, भोवती सुमारे १८ फूट व्यासाचा आणि १२ फूट उंच कापडी शंकू. डझनभर किंवा त्याहून जास्त शिपाई चाकाच्या आऱ्यांसारखे, पाय आगीकडे करून झोपत. २२ एप्रिल १८५६ रोजी त्याला पेटंट मिळालं. ज्या बायकांच्या घरावरून हे सुचलं त्यांचा त्यात काही वाटा असावा हा विचारही त्या काळात कुणाच्या मनाला शिवला नसणार. दीडएक वर्षात, १८५७-५८ च्या हिवाळ्यात, युटाच्या मोहिमेवर निघालेली फौज फोर्ट ब्रिजरजवळ बर्फात अडकली, तेव्हा या तंबूंनी शिपायांना तगवलं आणि सिब्लीचं नाव झालं.

पुढची हकिकत वकिलांच्या आवडीची आहे. सरकारनं तंबूमागे पाच डॉलर द्यायचं कबूल केलं. सिब्लीनं आपला अर्धा हक्क विल्यम बर्न्स या सहकारी अधिकाऱ्याला दिला. मग १८६१ साली यादवी युद्ध पेटलं, सिब्ली राजीनामा देऊन दक्षिणेच्या बाजूला गेला, बर्न्स उत्तरेकडे राहिला. उत्तरेच्या सरकारनं चाळीस हजारांहून अधिक सिब्ली तंबू शिवून घेतले, पण शत्रूला पैसे कसे द्यायचे? बर्न्स सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि आपला अर्धा वाटा पदरात पाडून घेतला. सिब्लीला एक छदाम मिळाला नाही. १८६२ च्या मार्चमध्ये न्यू मेक्सिकोत ग्लोरिएटा खिंडीच्या लढाईत त्याच्या सैन्याच्या रसदीच्या ऐंशीएक गाड्या शत्रूनं जाळल्या आणि त्याची मोहीम संपली. फौजेचं सामान हलकं कसं करावं यावर डोकं चालवलेल्या माणसाच्या नशिबी हे यावं! नंतर तो इजिप्तच्या खेदिवाकडे, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याकडे, चाकरीला राहिला, तिथूनही निघावं लागलं, आणि १८८६ साली हलाखीत वारला.

तंबूचं काय झालं? सैन्यानं युद्धाच्या दुसऱ्याच वर्षी तो कूच करणाऱ्या पलटणींकडून काढून घ्यायला सुरुवात केली. टिपीपेक्षा दांडे कमी असले तरी तो गाडीशिवाय हलत नव्हता, आणि गाड्या दारूगोळ्याला पुरत नव्हत्या. त्याऐवजी प्रत्येक शिपायाला अर्धा तंबू मिळाला: कापडाचा एक चौकोन, कडेला बटणं आणि काजं. दोघांनी आपापले चौकोन एकमेकांना जोडायचे, बंदुका किंवा काठ्या रोवायच्या आणि आत सरपटत शिरायचं. शिपायांनी त्याला कुत्र्याचं घर म्हणून नावं ठेवली. पण तोच तंबू पुढे अनेक दशकं चालला, कारण तो ठोकणाराच वाहत होता आणि वाहणाराच त्यात झोपत होता.

त्याच सुमारास आल्प्समध्ये एक वीस-एकवीस वर्षांचा लंडनचा लाकडी ठसे कोरणारा कारागीर हाच धडा फार थंडीत शिकत होता. एडवर्ड व्हिंपर. १४ जुलै १८६५ रोजी मॅटरहॉर्नच्या माथ्यावर पहिल्यांदा पोचलेल्या सातांपैकी तो एक. उतरताना त्यांतले चौघे गेले, आणि त्या अपघातानं त्याचं उरलेलं आयुष्य झाकोळलं. गिर्यारोहणाच्या पुस्तकांत त्याच्याबद्दल एवढंच येतं. त्याचा तंबू मागे पडतो, हा माझ्या मते अन्याय आहे.

१८६१ च्या ऑगस्टमध्ये त्यानं मॅटरहॉर्न चढायचा पहिला प्रयत्न केला तेव्हा त्याच्याकडे हलक्या कापडाचा एक देखणा तंबू होता. लंडनमध्ये उभा केला तेव्हा फार छान दिसला होता. वाटेतल्या खिंडीच्या अरुंद जागेत वारा भात्यासारखा घुसला, झडपा खाली राहिनात, मेखा खडकात टिकेनात, तंबू शेजारच्या शिखराकडे उडून जायच्या बेतात आला. शेवटी त्यांनी तो उतरवला, त्याच्यावर बसले आणि रात्री तोच अंगाभोवती गुंडाळून घेतला. हे त्यानं स्वतःच हसत हसत लिहून ठेवलं आहे. माझ्या बघण्यात तंबूशास्त्रातली ही सर्वांत मोलाची रात्र आहे.

पुढच्या मोसमापर्यंत त्यानं नवा तंबू बेतला. साडेसहा फुटी चार दांडे, अ‍ॅशच्या चिवट लाकडाचे, खाली लोखंडी टोकं. दोन-दोन दांडे वरच्या अंगाला लोखंडी बोल्टनं जोडलेले. आपला सुतार छपराला कैची करतो ना, तशा दोन कैच्या. एक पुढे, एक मागे. त्यांवर न रंगवलेल्या जाड सुती कापडाचं छप्पर, कायमचं अडकवलेलं. आणि खाली मॅकिंटॉशचा, म्हणजे रबर चढवलेल्या कापडाचा तळ, छपराला शिवूनच टाकलेला. समोरून बघितलं तर सहा फूट बाजूचा समभुज त्रिकोण. आडव्या दांड्याऐवजी कैच्यांच्या बेचक्यातून एक दोर जातो आणि त्याची दोन टोकं पुढे-मागे खडकांना बांधायची. तो दोरही वेगळा न्यायचा नाही; दिवसभर जो चढाईला कमरेला बांधलेला, तोच रात्री घराचं आढं.

या तंबूत चौघं झोपत. वजन सुमारे २३ पौंड, म्हणजे साडेदहा किलोच्या आसपास. आणि उभारायला दोन माणसं, तीन मिनिटं. अकबराच्या बारगाहाचा आठवडा आणि व्हिंपरची तीन मिनिटं यांची तुलना करणं बरोबर नाही हे मला कळतं, तरी करायचा मोह आवरत नाही. कापडापेक्षा इथं जोडांत बदल झाला आहे. जुन्या तंबूत खांब वेगळे, कापड वेगळं, तळ वेगळा, दोर वेगळे. अंधारात, वाऱ्यात, गोठलेल्या बोटांनी हे सगळं जुळवायचं. व्हिंपरनं जुळवणी लंडनमध्येच उरकून घेतली आणि डोंगरावर नुसतं उघडायचं काम ठेवलं. शिवलेला तळ तर फार मोठी गोष्ट: वारा खालून शिरायची वाट बंद, आणि आत माणसं झोपली की त्यांचं वजनच तंबूची मेख होतं. १९२० च्या दशकातल्या एव्हरेस्ट मोहिमांच्या सामानातही ‘व्हिंपर तंबू’ होते, यावरून ती रचना किती पक्की होती ते कळावं.

माझा प्रश्न मात्र इथंही सुटत नाही. हा तंबू डोंगरावर वाहून नेला कुणी? ब्रॉय गावच्या ल्युक मेनेनं. पाठीला कुबड असलेला गरीब शेतकरी. तो व्हिंपरचा तंबूवाहक झाला. त्या कुबडावर ते ओझं बांधून तो अशा जागी चढला जिथं गावातले धडधाकट वाटाडे यायला नाही म्हणत. खिंडीत पोचल्यावर समोरच्या शिखरांकडे बघून तो एका गुडघ्यावर बसला आणि त्यानं हात जोडले, असं व्हिंपर लिहितो. २३ पौंडांचा आकडा मी वाचतो तेव्हा मला मेनेची पाठ दिसते. तंबू आणखी एक-दोन पौंडांनी हलका करता आला असता का, हे त्याला विचारायला हवं होतं.

कापडाबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण या पुस्तकात कॅनव्हासचीच बाजू घेतली आहे आणि ते आजच्या वाचकाला जुनाट वाटेल. कॅनव्हास हा शब्दच मुळी कॅनाबिसवरून आला. गांजाच्या झाडाच्या वाखापासून शिडाचं कापड विणत. पुढे वाख जाऊन कापूस आला, नाव राहिलं. आपल्याकडे ताडपत्रीचं तेच झालं: ताडाचं पान गेलं, मेणकापड आलं, आता निळं प्लास्टिक आलं, तरी आपण ताडपत्रीच म्हणतो.

घट्ट विणीच्या सुती कापडाचा एक गुण नायलॉनला नाही. सुताला पाणी लागलं की ते फुगतं आणि विणीतली भोकं बुजतात. कोरडं असताना तेच कापड श्वास घेतं, माणसांच्या वाफेचं पाणी होऊन अंगावर ठिबकत नाही. शाळेत असताना आमच्या शिबिरात श्रावणातल्या एका रात्री पाऊस कोसळला, तेव्हा सरांनी झोपेतून उठवून दोन हुकूम दिले: कुणी कापडाला आतून बोट लावायचं नाही, आणि चौघांनी बाहेर जाऊन तणावे सैल करायचे. पहिला हुकूम आमच्यातल्या एकानं नुसतं बघायचं म्हणून मोडला, आणि बोट टेकलं तिथून रात्रभर धार लागली. कापडाच्या बाहेरच्या अंगाला पाण्याचा जो पापुद्रा धरलेला असतो तो बोटानं तुटतो आणि पाण्याला आत यायला रस्ता मिळतो, हे मला पुढे कळलं. दुसरा हुकूम पाळला म्हणून वाचलो. सुती किंवा वाखाचा पीळदार दोर भिजला की फुगतो आणि फुगला की आखडतो. सैल केला नाही तर मेख उपटते, नाहीतर कापड फाटतं. सकाळी ऊन पडलं की तोच दोर लोंबतो आणि तंबू पोटातून बसतो. म्हणजे कॅनव्हासचा तंबू एकदा ठोकून भागत नाही, हवा बदलेल तसा त्याला पुन्हा पुन्हा ताण द्यावा लागतो. पूर्वी हे काम फरासाचं होतं.

या जागी एका अमेरिकी कारागिरानं फरासाऐवजी स्प्रिंग बसवली. सॉल्ट लेक सिटी या युटाच्या राजधानीत कर्कम कुटुंबाचा तंबू आणि दुकानांपुढच्या कापडी छपऱ्या शिवायचा धंदा होता. जॅक कर्कमनं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘स्प्रिंगबार’ नावाचा तंबू काढला. ज्या युटाच्या मोहिमेत सिब्लीच्या तंबूचं नाव झालं, तिथंच शंभर वर्षांनी ही पुढची पायरी घडावी हा योगायोग मला आवडतो. त्यापलीकडे त्याला काही अर्थ नाही.

कल्पना साधी आहे. आधी शिवलेला तळ जमिनीवर पसरून कोपऱ्यांना आणि कडांना मेखा ठोकायच्या, तळ ताठ होईपर्यंत. छप्पर अजून चिंधीसारखं वर पडलेलं. मग छपरात शिवलेल्या बाह्यांत स्प्रिंगच्या पोलादाच्या सळ्या सरकवायच्या आणि शेवटी आत मोजके उभे खांब लावून ते सगळं वर उचलायचं. सळ्या कमानीसारख्या वाकतात. त्यांना सरळ व्हायचं असतं. कापड आणि खालच्या मेखा त्यांना सरळ होऊ देत नाहीत. धनुष्याला प्रत्यंचा चढवल्यासारखं सगळं कापड चारी बाजूंनी ताणलेलं राहतं. पाऊस आला, कापड आखडलं, तर सळी जरा जास्त वाकते. ऊन पडलं, कापड सैलावलं, तर सळी तेवढी सरळ होऊन ढील खाऊन टाकते. रात्री उठायला नको. आणि मेखा आधी ठोकून झाल्यामुळे खांब उचलताना पलीकडून धरायला दुसरा माणूस लागत नाही. एकटी बाई किंवा एकटा म्हातारा काही मिनिटांत एवढा उंच तंबू उभा करतो की आत सरळ उभं राहून पँट घालता येते. ज्यानं बैठ्या तंबूत आडवं पडून पँट चढवली आहे त्याला या वाक्याची किंमत कळेल.

तक्रारीही सांगितल्या पाहिजेत. हा तंबू गाडीतून न्यायचा आहे. पाठीवर घेऊन हरिश्चंद्रगड चढायचं मनातही आणू नये. त्याच्या मागे अमेरिकेतली एक विशिष्ट परिस्थिती होती: घरोघर मोटार, चांगले रस्ते, राष्ट्रीय उद्यानात तंबूसाठी राखलेली सपाट जागा. मेने गेला आणि त्याच्या जागी मोटारीची डिकी आली, म्हणून वजनाची चिंता मिटली. आपल्याकडे डिकी आहे, पण सपाट जागा सापडायची मारामार.

तरी आपल्याकडे तंबू रोज ठोकणारी माणसं भरपूर आहेत, आणि ती हौसेनं निसर्गात जाणारी नव्हेत. आषाढात पंढरीच्या वाटेवर दिंड्यांचे ट्रक पालखीच्या पुढे मुक्कामाला पोचतात, सोबतची पोरं चिखलात मेखा ठोकून राहुट्या उभ्या करतात, आणि पहाटे ओल्या कापडासकट सगळं पुन्हा ट्रकमध्ये जातं. गावाबाहेर माळावर भटक्यांची पालं पडतात: काठ्या, जुनी लुगडी, कंतान, प्लास्टिक. तेही घर बऱ्याचदा बाईच उभं करते, टिपीसारखं. कापड जिथं विरतं तिथं ती ठिगळ लावते, वारा जिकडून येतो तिकडे पाठ करते. या पुस्तकातले काही आराखडे काढताना मी पालांचे जोड बघत फिरलो. दोरी कुठे दुहेरी घ्यायची आणि काठी कुठे आतून लावायची हे मला तिथं कळलं. कागदावर ते येत नव्हतं.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, जी आराखड्यांत कुठे बसली नाही. नवा शिवलेला कॅनव्हासचा तंबू थेट पावसात नेऊ नका. अंगणात उभा करा, नळीनं सगळीकडून भिजवा, शिवणी तर चिंब होऊ द्या. पहिल्यांदा सुईच्या प्रत्येक भोकातून थेंब येतील आणि शिंप्याला शिव्या घालाव्याशा वाटतील. घालू नका. तसाच उभा वाळू द्या, मग पुन्हा भिजवा. दोरा आणि कापड फुगून एकमेकांत बसायला दोन-तीन वेळा लागतात. घडी घालायच्या आधी तळाची शिवण बोटांनी चाचपा. सगळ्यांत उशिरा वाळते ती तीच, आणि बुरशी पहिल्यांदा तिथंच धरते.